दलदलीतला रंग, क्षयाचे औषध

१९९३ साली ‘अँटिमायक्रोबियल एजंट्स अँड केमोथेरपी’ या अमेरिकी नियतकालिकात एक शोधनिबंध छापून आला. लेखकांत पहिले नाव डी. आर. अष्टेकर यांचे होते, पुढे कोस्टा-परेरा, नागराजन, विश्वनाथन, भट्ट आणि रिटेल. विषय होता सीजीआय-१७३४१ अशा रुक्ष नावाचा एक रेणू. मिलिलिटरमागे मायक्रोग्रॅमच्या काही दशांश इतक्या मात्रेत तो क्षयाच्या जंतूची वाढ थांबवत होता. उंदरांना तोंडावाटे दिला तरी गुण येत होता. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, स्ट्रेप्टोमायसिन यांना न जुमानणारे जंतूही त्याच्यापुढे नांगी टाकत होते. म्हणजे हा रेणू जुन्या औषधांच्या वाटेने जात नव्हता, त्याचा वार दुसरीकडेच कुठेतरी बसत होता.

कुठे, ते त्या घडीला कोणालाच सांगता आले नसते. ते कळण्यासाठी लागणारा अर्धा दुवा मात्र एकवीस वर्षांपूर्वीच छापला गेला होता. तो क्षयाच्या साहित्यात नव्हता. दलदलीतल्या वायूवर काम करणाऱ्या एका प्रयोगशाळेने तो प्रसिद्ध केला होता, आणि क्षयावर काम करणाऱ्याने तो वाचण्याचे काही कारणही नव्हते.

सीजीआय-१७३४१ वरचे संशोधन मुंबईत गोरेगावला झाले. स्विस कंपनी सिबाने तिथे उभारलेल्या संशोधन केंद्राचे उद्घाटन १९६३ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातले नामांकित रसायनशास्त्रज्ञ टी. आर. गोविंदाचारी केंद्राचे संचालक झाले आणि त्यांच्याबरोबर के. नागराजन यांच्यासारखी तयारीची माणसे आली. परदेशी कंपनीने भारतात गोळ्या दाबण्याचा कारखाना काढणे त्या काळात सर्रास चाले. नवे रेणू शोधण्यासाठी इथे प्रयोगशाळा उभारणे ही दुर्मीळ गोष्ट होती. नैराश्यावरचे ‘सिंटामिल’ आणि आमांशावरचे सॅट्रानिडाझोल ही औषधे इथलीच. सॅट्रानिडाझोल हे नायट्रोइमिडाझोल या कुळातले, आणि गोरेगावच्या मंडळींनी या कुळाचा पिच्छा सोडला नाही. १९८९ मध्ये नागराजन, गौरीशंकर, राजप्पा, शेणॉय आणि कोस्टा-परेरा यांनी क्षयविरोधी रेणूंबद्दल जो निबंध लिहिला, तो त्यांच्या नायट्रोइमिडाझोल मालिकेतला एकविसावा होता. एकाच सांगाड्यावर इतकी वर्षे चिकाटीने काम करणे ही हल्लीच्या कंपन्यांना न परवडणारी चैन आहे.

या कुळातले सर्वांत ओळखीचे औषध म्हणजे मेट्रोनिडाझोल, आपल्याकडे घरोघरी ठाऊक असलेली फ्लॅजिलची गोळी. कुळाचा मूळपुरुष अझोमायसिन. तो १९५३ मध्ये जपानमध्ये मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून मिळाला. मेट्रोनिडाझोल त्यानंतर काही वर्षांनी फ्रान्समधल्या रोन-पूलाँकच्या प्रयोगशाळेत तयार झाले. ही औषधे मुळात सुप्त असतात. त्यांच्यातल्या नायट्रो गटाला जंतूच्या पेशीतून इलेक्ट्रॉन मिळाले, की ती विषारी होतात. हे इलेक्ट्रॉन प्राणवायूशिवाय जगणाऱ्या जंतूंत सहज मिळतात. म्हणून फ्लॅजिल आमांशाच्या अमीबावर आणि आतड्यातल्या अशा जंतूंवर चालते. क्षयाचा जंतू तर फुफ्फुसात राहणारा, हवेला हपापलेला. वाढत्या क्षयजंतूवर मेट्रोनिडाझोलचा काहीच परिणाम होत नाही.

गोरेगावच्या रेणूंत इमिडाझोलच्या कड्याला आणखी एक कडे जोडलेले होते, आणि नायट्रो गट अशा जागी बसला होता की त्याला इलेक्ट्रॉन देणे फ्लॅजिलपेक्षाही अवघड. रसायनशास्त्राच्या हिशेबाने हे रेणू अधिकच निष्क्रिय ठरायला हवे होते. तरीही ते क्षयाच्या जंतूला मारत होते. याचा अर्थ, जंतूच्या पेशीत असे काहीतरी होते जे बाकीच्या जंतूंत नव्हते.

ते शोधण्याची वेळच आली नाही. सीजीआय-१७३४१ ने जनुकांत बदल घडवण्याच्या चाचणीत होकार दिला. जे औषध सहा-सहा महिने रोज घ्यायचे, त्याच्याबाबत हा धोका कोण पत्करणार? रेणू बासनात गेला.

आता दलदलीच्या त्या प्रयोगशाळेकडे: अर्बाना, इलिनॉय. दलदलीतून निघणारे बुडबुडे पेट घेतात, हे १७७६ मध्ये अलेस्सांद्रो व्होल्टाने इटलीतल्या माज्जोरे सरोवराकाठी काठीने चिखल ढवळून दाखवले होते. हा वायू, म्हणजे मिथेन, सूक्ष्मजीव कसा बनवतात याचा छडा लावण्यात इलिनॉय विद्यापीठातल्या राल्फ वुल्फ यांचे आयुष्य गेले. काम कटकटीचे होते. हे जीव हवेच्या संपर्काने मरतात आणि त्यांना खायला हायड्रोजन व कार्बन डायऑक्साइड लागतो. त्यातून ‘मिथेनोबॅसिलस ओमेलियान्स्की’ या नावाने वर्षानुवर्षे अभ्यासला गेलेला जीव एक नसून दोन असल्याचे १९६७ मध्ये ब्रायंट, वोलिन आणि वुल्फ यांनी दाखवून दिले. त्या जोडीतला मिथेन करणारा भागीदार वेगळा काढल्यावर त्याला नाव मिळाले एम.ओ.एच.

या एम.ओ.एच.च्या पेशी फोडून त्यातला अर्क अतिनील दिव्याखाली धरला, की तो निळसर-हिरवा चमके. चीझमन, टॉम्स-वुड आणि वुल्फ यांनी हा चमकणारा पदार्थ वेगळा केला आणि १९७२ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. तो ४२० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश सर्वाधिक शोषून घेई, म्हणून त्याला घटक-४२०, पुढे एफ-४२० म्हणू लागले. हायड्रोजनच्या सान्निध्यात अर्काने त्याला इलेक्ट्रॉन दिले, की पिवळा रंग आणि चमक दोन्ही जात. ते इलेक्ट्रॉन काढून घेतले की रंग परत येई. आजही सूक्ष्मदर्शकाखाली मिथेनजीव ओळखण्यासाठी हीच चमक पाहतात.

रेणूची रचना १९७८ मध्ये आयरिक, फोगेल्स आणि वुल्फ यांनी मांडली. ती पाहून जीवरसायनशास्त्रज्ञ चक्रावले असणार.

बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेतल्यावर लघवी पिवळीधमक होते, ती रायबोफ्लेविन या बी-२ जीवनसत्त्वामुळे. फ्लेविन हा एन्झाइमांचा मदतनीस आहे. एन्झाइम हे प्रथिन असते, आणि इलेक्ट्रॉनांची देवघेव एकट्या प्रथिनाला नीट जमत नाही, त्यासाठी ते असा छोटा रेणू हाताशी धरते. एफ-४२० हे फ्लेविनच, पण फेरफार केलेले: मधल्या कड्यातला पाचव्या क्रमांकाचा नायट्रोजन जाऊन तिथे कार्बन आलेला. दिसायला बदल एका अणूचा, पण त्याने रेणूचा स्वभावच पालटतो. साधे फ्लेविन एकेक इलेक्ट्रॉनही घेते-देते, आणि इलेक्ट्रॉन मिळालेले फ्लेविन प्राणवायू समोर येताच ते त्याला देऊन मोकळे होते. एफ-४२० दोन इलेक्ट्रॉन एका प्रोटॉनसह एकदमच, हायड्राइडच्या रूपात, नेते. प्राणवायूला ते सहजासहजी बधत नाही. शिवाय त्याचा इलेक्ट्रॉन देण्याचा जोर साध्या फ्लेविनपेक्षा बराच जास्त. चेहरा फ्लेविनचा असला तरी वागणूक नियासिनपासून होणाऱ्या एनएडी या दुसऱ्या मदतनिसाची, आणि ताकद त्याच्याहूनही थोडी वरचढ. जे नायट्रो संयुग सामान्य पेशीत कोणाला हलत नाही, ते हलवायला असाच कोणीतरी लागतो. हे अर्थात आज मागे वळून पाहताना सांगता येते.

त्या वेळी एफ-४२० ही मिथेनजीवांची खासगी मालमत्ता समजली जात होती. १९७७ मध्ये त्याच विद्यापीठातल्या कार्ल वूज यांनी वुल्फ यांच्या सहकार्याने मिथेनजीव हे जिवाणू नसून जीवसृष्टीची वेगळीच शाखा असल्याचे दाखवले, तेव्हा तर हे विचित्र फ्लेविन त्या वेगळेपणाचा आणखी एक पुरावा वाटले असेल. पण हा समज टिकायचा नव्हता. ऑरिओमायसिन बनवणाऱ्या स्ट्रेप्टोमायसिस जिवाणूला ते औषध पूर्ण करण्यासाठी एक अनोळखी घटक लागतो, हे लेडर्ले कंपनीच्या संशोधकांना ठाऊक होते. १९८२ मध्ये मॅकॉर्मिक आणि मॉर्टन यांनी तो एफ-४२० चाच गाभा असल्याचे सिद्ध केले. क्षयजंतूच्या भाऊबंदांत, म्हणजे मायकोबॅक्टेरियांत, असेच एक पिवळे द्रव्य १९६० मध्येच नोंदले गेले होते. त्या नोंदीकडे फारसे कोणी फिरकले नव्हते. १९८४ मध्ये जपानी संशोधकांनी मायकोबॅक्टेरियातल्या द्रव्याची ओळख पटवली आणि १९८५ मध्ये लेसी डॅनियल्स आणि सहकाऱ्यांनी या कुळात एफ-४२० सर्रास आढळते असे दाखवले.

सर्रास आढळते, पण करते काय? क्षयाचा जंतू मिथेन तर बनवत नाही. उत्तर १९९६ मध्ये आयोवा विद्यापीठात एंडांग पुरवांतिनी आणि डॅनियल्स यांना मिळाले. मायकोबॅक्टेरियांत एक एन्झाइम ग्लुकोज-६-फॉस्फेट या शर्करेतले इलेक्ट्रॉन काढून एफ-४२० च्या हवाली करते. लांबलचक नावाऐवजी त्याला एफजीडी म्हणतात. जिवाणूजगतात हेच काम करणारी एन्झाइमे हे इलेक्ट्रॉन एनएडीच्या कुळातल्या रेणूला देतात. ही मंडळी मात्र आपल्या पिवळ्या रेणूला भरवतात. निबंधात क्षयाच्या औषधाचा मागमूस नव्हता.

त्याच सुमारास सिएटलमध्ये पॅथोजेनेसिस नावाच्या छोट्या कंपनीने गोरेगावचा रेणू बासनातून बाहेर काढला. दुसरे कडे पाचाऐवजी सहा अणूंचे केले, त्याला निरनिराळ्या शेपट्या जोडल्या आणि असे तीनशेहून जास्त रेणू बनवून पाहिले. त्यांतून पीए-८२४ निघाले. क्षयजंतू मारण्याची ताकद शाबूत, आणि जनुकांत बदल घडवण्याचा दोष गेलेला. जून २००० मध्ये ‘नेचर’मध्ये स्टोव्हर आणि सहकाऱ्यांचा निबंध आला, त्यात अमेरिकी सरकारच्या संशोधन संस्थेतले क्लिफ्टन बॅरीही होते. या निबंधात दोन्ही गोष्टींची पहिल्यांदा गाठ पडते. पीए-८२४ ला दाद न देणारे जंतू तपासले तेव्हा त्यांतल्या काहींत एफजीडी बिघडलेले निघाले, काहींना एफ-४२० च बनवता येत नव्हते. एफजीडीचे जनुक परत घातले की जंतू पुन्हा औषधाला बळी पडे. औषध नुसते पेशीत शिरून भागत नव्हते. जंतूने आपल्या फ्लेविनच्या हाताने ते जागे करावे लागत होते.

जंतू स्वतःचे विष स्वतःच तयार करतो ही कल्पना तोवर नवी राहिली नव्हती. १९५२ मध्ये आलेले आयसोनियाझिड चाळीस वर्षे जगभर वापरले गेले आणि १९९२ मध्ये कळले की जंतूचे कॅटजी नावाचे एन्झाइमच ते सक्रिय करते. पण तिथे घरभेदी सापडला होता. इथे फक्त त्याला रसद पुरवणारा सापडला. एफजीडी इलेक्ट्रॉन एफ-४२० ला देत होते, पण ते औषधावर टाकत कोण होते?

यासाठी जंतूच्या संपूर्ण जनुकसंचाची यादी हाताशी असणे कामी आले. ती १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली होती: सुमारे ४४ लाख अक्षरे, चार हजारांच्या आसपास जनुके. उज्जिनी मंजुनाथ, बॅरी आणि सहकाऱ्यांनी असे प्रतिकारक जंतू निवडले ज्यांचे एफजीडी ठणठणीत होते आणि एफ-४२० भरपूर होते, तरी औषध निष्प्रभ होते. त्यांचा जनुकसंच मूळ जंतूशी पडताळून पाहिला. बिघाड एकाच ठिकाणी निघाला: आरव्ही-३५४७, ज्याच्यापुढे यादीत ‘काम अज्ञात’ एवढाच शेरा होता. त्याचे प्रथिन जेमतेम १५१ अमिनो आम्लांचे. २००६ मध्ये हे प्रसिद्ध झाले आणि प्रथिनाला डीडीएन हे नाव पडले.

आत काय घडते ते जवळून पाहण्यासारखे आहे. एफजीडी शर्करेचे इलेक्ट्रॉन घेऊन एफ-४२० ला देते, त्याचा पिवळा रंग मावळतो. हा भरलेला रेणू डीडीएनच्या खाचेत येऊन बसतो, शेजारी औषधाचा रेणू. फ्लॅजिलच्या धड्यावरून कोणालाही वाटेल, की इलेक्ट्रॉन नायट्रो गटावर जातील. तसे होत नाही. हायड्राइड जाते ते इमिडाझोलच्या कड्यातल्या एका कार्बनवर. कडे अस्थिर होते आणि नायट्रो गट अख्खाच सुटून नायट्रस आम्लाच्या रूपात बाहेर पडतो. त्यातून पुढे नायट्रिक ऑक्साइड हा वायू होतो. २००८ मध्ये ‘सायन्स’मध्ये रमनदीप सिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की ज्या रेणूंपासून हा वायू जास्त सुटतो, ते प्राणवायूअभावी निपचित पडलेल्या जंतूंना जास्त मारतात.

आपल्या शरीरातल्या भक्षक पेशी जंतूंवर हेच शस्त्र चालवतात, फक्त बाहेरून. औषध तोच वायू जंतूच्या पोटात तयार करते. आणि निपचित जंतू हीच क्षयाची मोठी डोकेदुखी आहे. फुफ्फुसातल्या गाठींच्या गाभ्यात, जिथे हवा पोचत नाही, तिथे तो वाढ थांबवून पडून राहतो, आणि वाढीवर वार करणारी औषधे त्याच्यावरून निघून जातात. उपचार महिनोन्‌महिने चालण्याचे हे एक मोठे कारण. हवेत वाढणाऱ्या जंतूवर पीए-८२४ दुसऱ्या बाजूनेही चालते, त्याच्या मेणचट भिंतीची बांधणी अडवते.

माणसाच्या पेशीत एफ-४२० नाही आणि डीडीएनही नाही, म्हणून तिथे हे औषध जागे होत नाही. कुष्ठरोगाचा जंतू क्षयजंतूचा सख्खा चुलतभाऊ, पण त्याच्यावरही ते चालत नाही. त्याच्याकडे एफ-४२० आहे, पण शेकडो जनुके गमावलेल्या या जंतूत डीडीएन नाही. दोन्ही रोगांवर एकच गोळी मिळण्याची आशा तिथेच मावळली.

औषधाची पुढची वाट रखडत गेली. २००० मध्येच पॅथोजेनेसिस कायरॉन कंपनीने विकत घेतली. गरिबांच्या आजारात कमाई नसल्याने पीए-८२४ पुन्हा फडताळात जाण्याची चिन्हे होती. २००२ मध्ये टीबी अलायन्स या ना-नफा संस्थेने त्याचे हक्क घेतले. जपानच्या ओत्सुका कंपनीने याच कुळातून डेलामॅनिड घडवले. त्यालाही डीडीएनच जागे करते. त्याला युरोपात २०१४ मध्ये सशर्त मान्यता मिळाली.

इकडे मुंबईत परिस्थिती चिघळत होती. झरीर उडवाडिया आणि त्यांच्या हिंदुजा रुग्णालयातल्या सहकाऱ्यांनी तपासलेल्या एकाही औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाचे चार रुग्ण नोंदवले आणि जानेवारी २०१२ मध्ये देशभर खळबळ उडाली. अशा रुग्णांना तोवर दीड-दोन वर्षे डझनावारी गोळ्या आणि महिनोन्‌महिने इंजेक्शने घ्यावी लागत. त्या इंजेक्शनांनी अनेकांना कायमचे बहिरेपण आले.

दक्षिण आफ्रिकेत २०१५ मध्ये सुरू झालेल्या निक्स-टीबी चाचणीत पीए-८२४, म्हणजे आता प्रेटोमॅनिड, बेडाक्विलिन आणि लिनेझोलिड ही तीनच औषधे, सगळी तोंडावाटे, सहा महिने दिली गेली. १०९ पैकी ९८ रुग्णांना चांगला गुण आला. मात्र लिनेझोलिडच्या मोठ्या मात्रेमुळे बहुतेकांना हातापायांत मुंग्या येणे, बधिरपणा असे त्रास झाले, त्यामुळे पुढच्या चाचणीत मात्रा उतरवावी लागली. ऑगस्ट २०१९ मध्ये अमेरिकी नियामकांनी प्रेटोमॅनिडला मान्यता दिली. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या तिघांना मॉक्सिफ्लॉक्सासिनची जोड देणारा उपचार शिफारसीत घेतला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये भारताच्या आरोग्य मंत्रालयाने तो राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमासाठी मंजूर केला.

लिनेझोलिडच्या कुळाचा क्षयावर काय परिणाम होतो, हे सुरुवातीला तपासणाऱ्यांतही अष्टेकर आणि त्यांचे सहकारीच होते. ड्यूपाँटच्या डीयूपी-७२१ या त्याच घराण्यातल्या रेणूवरचा त्यांचा निबंध १९९१ चा आहे. तीन औषधांच्या नव्या उपचारातल्या दोन कुळांवर गोरेगावच्या मंडळींनी इतक्या लवकर बोट ठेवले होते, आणि औषधाच्या वेष्टनावर ते नाव कुठेही नाही.

डीडीएन स्वतः जंतूसाठी काय करते? ते मेनाक्विनोन या श्वसनातल्या रेणूला इलेक्ट्रॉन देऊ शकते, असे पुढच्या प्रयोगांत दिसले. एफ-४२० गेले तर जंतूला ऑक्सिडीकरणाचे हल्ले सोसत नाहीत.  प्रेटोमॅनिड जागे होण्यासाठी लागणारी किमान सहा जनुके आज ठाऊक आहेत: डीडीएन, एफजीडी आणि एफ-४२० घडवणारी चार. यांतले कोणतेही एक मोडले की औषध सुप्तच राहते, आणि बहुतेक वेळा डेलामॅनिडही. पण अपवाद आहेत. डीडीएनमधल्या ७८ व्या जागी सेरीनऐवजी टायरोसीन आले, तर प्रयोगशाळेत ते प्रेटोमॅनिडला जागे करत नाही, डेलामॅनिडला मात्र करते. म्हणूनच एका औषधाने हात टेकल्यावर दुसरे देऊन पाहायचे की नाही, हे ठरवताना केवळ ‘प्रतिकारक’ एवढा शेरा पुरत नाही. त्या १५१ अमिनो आम्लांपैकी नेमके कोणते बदलले आहे, ते वाचावे लागते.